विहिरीवरची ती बाई आणि पंडिता रमाबाई

आजच्या धाग्यात लढाई नाही, तह नाही, किल्लाही नाही. १८८३ साली लंडनच्या फुलहॅम भागातील एका घरात २५ वर्षांच्या एका मराठी विधवेने एक गोष्ट ऐकली. त्या गोष्टीने तिच्या आयुष्याचे काय केले, एवढाच आजचा विषय. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

ती विधवा म्हणजे पंडिता रमाबाई. शालेय पुस्तकांत त्यांच्या वाट्याला दोन ओळी येतात : शारदासदन, मुक्तिसदन, स्त्रीशिक्षण. धर्मांतराचा उल्लेख आलाच तर तो घाईघाईने उरकला जातो, जणू काही ती कर्तृत्ववान स्त्रीच्या हातून घडलेली एक अडचणीची बाब आहे. मला ही घाई पटत नाही. रमाबाईंनी स्वतः ज्या गोष्टीला आयुष्याचा गाभा मानले, ती वगळून त्यांचे चरित्र लिहिणे म्हणजे तुकोबांचे चरित्र विठ्ठलाला वगळून लिहिण्यासारखे आहे.

प्रथम पार्श्वभूमी. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते आणि ते मत त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, शिकवून अमलात आणले. त्यावरून झालेल्या विरोधानंतर ते सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथेच १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे घरची स्थिती खालावली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. ती यात्रा संपलीच नाही. देवळात बसून पुराण सांगावे, श्रोते देतील त्या शिध्यावर व दक्षिणेवर निर्वाह करावा, पुढच्या तीर्थाला निघावे, असा अनेक वर्षांचा क्रम. रमाबाईंना घर असे ठाऊकच नव्हते. ठाऊक होत्या त्या धर्मशाळा, घाट आणि देवळांचे मंडप.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात हे कुटुंब सापडले. होते नव्हते ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत संपले होते. भीक मागणे किंवा मजुरी करणे कुलाला साजणारे नव्हते. रानातली पाने खाऊन दिवस काढल्यावर अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखवली तेव्हा तो बेत टळला. पण शरीर थकले होते. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण.

मृत्यूपूर्वी वडिलांनी धाकट्या रमेला जवळ घेऊन जे सांगितले, ते रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. आशय असा : मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याची आहेस, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. बोलणारा कट्टर वैष्णव होता, आणि ‘देव’ म्हणताना त्याच्या मनात कोण होते हे सांगायला नको. परंतु रमाबाईंनी हे वाक्य ख्रिस्ती झाल्यावरही टाकून दिले नाही. उलट ते आपल्याच कथेचा आरंभ म्हणून सांगितले. वडिलांनी दिलेला शब्द आपण मोडला नाही, पाळलाच, अशी त्यांची धारणा त्यातून दिसते.

त्यानंतर रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत राहिले. पंजाबात झेलमच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा दोघांनी नदीकाठच्या वाळूत खड्डे करून स्वतःला मानेपर्यंत पुरून घेतले आणि रात्र काढली. १८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

कलकत्त्याची एक आठवण मजेदार आहे. ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याला हे बहीणभाऊ गेले होते. प्रार्थनेच्या वेळी सारे खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून बसले. हे लोक खुर्च्यांची पूजा करतात, असा या दोघांचा समज झाला! परधर्माकडे पाहताना आपण सारेच पहिल्या दिवशी एवढेच पाहतो, असे मला ती हकीकत वाचताना वाटते.

महत्त्वाची गोष्ट मात्र दुसरीच घडली. पंडितांनी त्यांना शास्त्राधारे स्त्रीधर्मावर व्याख्याने देण्यास सांगितले. त्यासाठी त्या धर्मशास्त्रे वाचू लागल्या. ग्रंथाग्रंथांत मतभेद होते. पण स्त्री स्वभावतःच दोषी आहे आणि स्त्री म्हणून तिला मोक्षाचा अधिकार नाही, या दोन मुद्द्यांवर मात्र त्यांना सर्वांचे एकमत आढळले. हा त्यांचा निष्कर्ष. शास्त्रग्रंथांचे अभ्यासक त्यावर वाद घालू शकतील. परंतु ध्यानात घ्या, हे वाचणारी मुलगी त्याच देवाच्या दारोदार १५-१६ वर्षे चालली होती. ज्याच्यासाठी पाय झिजवले, त्याच्या वहीत आपले नाव कोणत्या रकान्यात आहे, हे तिला कलकत्त्यात कळले.

१८८० साली श्रीनिवास ढाक्यास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, जात वेगळी. त्यांच्या घरी पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंना सापडली. त्यांना ती आवडली. पतीला ती आवड रुचली नाही. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. वयाच्या २४ व्या वर्षी आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती असे सारे गमावून, कडेवर तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यातील वर्ष मी थोडक्यात उरकतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहे : आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’, हंटर आयोगापुढील साक्ष. १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकीचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच आपले जीवन संपवले. परक्या देशात, परक्या धर्माच्या माणसांत राहण्याचा ताण किती जीवघेणा होता हे त्यावरून कळावे. रमाबाईंच्या धर्मांतराची कथा सांगताना ही सावली पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता फुलहॅम.

वाँटेजच्या भगिनींचे लंडनमध्ये एक घर होते. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे. रमाबाई तेथे गेल्या आणि चकित झाल्या. धर्मकृत्य म्हणून अशा स्त्रियांची कोणी सेवा करते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी भगिनींना विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला.

गोष्ट अशी. भर दुपारी शोमरोन प्रांतातील एक स्त्री विहिरीवर पाणी भरायला येते. काठावर येशू बसलेला असतो. तो यहुदी, ती शोमरोनी. यहुदी शोमरोन्यांच्या हातचे घेत नाहीत. तरी तो तिच्याकडे पाणी मागतो. बोलता बोलता तिचे पाच नवरे झाले आणि आताचा पुरुष तिचा नवरा नाही, हे तो सांगून टाकतो. तिने काही सांगितलेले नसते. मग ती विचारते, उपासना आमच्या डोंगरावर करावी की यरुशलेमेत? तो म्हणतो, येथेही नव्हे आणि तेथेही नव्हे; खरी उपासना आत्म्याने व सत्याने होते. ती घागर तेथेच टाकून गावात धावते आणि लोकांना सांगते की, ज्याने माझे सारे सांगितले असा मनुष्य पाहायला चला.

हा अध्याय वाचल्यावर ख्रिस्त खरोखरच जगाचा तारणारा आहे अशी आपली खात्री झाली, असे रमाबाई लिहितात. एवढेच. फार विवरण त्या करत नाहीत. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ती गोष्ट रमाबाईंच्या कानांनी ऐकून पाहावीशी वाटते. एखाद्या इंग्रज बाईला तीत पाप आणि क्षमा दिसली असती. रमाबाईंना काय काय दिसले असेल?

पहिले, पाणी. विहीर, भांडे, विटाळ, कोणी कोणाच्या हातचे प्यावे : हे इंग्लंडात समजावून सांगावे लागते. पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला त्याला तेव्हा १५ वर्षे झाली होती आणि तो प्रश्न तसाच पेटता होता. ब्राह्मण कुळात वाढलेल्या स्त्रीला ‘मला प्यायला दे’ या मागणीचा अर्थ टीपेवाचून कळतो.

दुसरे, तीर्थ. डोंगर की यरुशलेम, हा प्रश्न ज्या मुलीचे अवघे बालपण एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाकडे चालण्यात गेले, तिला पुस्तकी वाटणे शक्य नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी प्राण वेचले होते. खऱ्या उपासनेविषयीच्या त्या संवादाचा रमाबाईंनी आपल्या निवेदनात आवर्जून उल्लेख केला आहे, म्हणून माझा हा तर्क अगदीच हवेतला नाही.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत खोल : तिला पूर्ण ओळखले गेले. ‘देवाला सारे कळते’ हे वाक्य आपल्याकडे घरोघरी असते. बहुधा ते धाक घालण्यासाठी वापरतात. चित्रगुप्ताची वही आहे, खाडाखोड चालत नाही. अंतर्यामी देवाची कोमल कल्पनाही आपल्या भक्तिपरंपरेत भरपूर आहे. जनाबाईंसोबत दळायला बसणारा विठ्ठल याच मातीतला. पण रमाबाईंच्या हाती कलकत्त्यात जे आले होते ते धर्मशास्त्र होते, जनाबाई नव्हत्या. शास्त्राने स्त्रीला ‘ओळखले’ होते आणि ओळखून बाहेर ठेवले होते. विहिरीवरच्या गोष्टीत क्रम उलटा आहे. तो आधी पाणी मागतो, मग तिचे सारे उघड करतो आणि तरीही संभाषण तोडत नाही. लपवण्याजोगे काही उरले नाही म्हणूनच ती धावत गावात जाऊ शकते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

येथे जरा थांबून साधनांविषयी. फुलहॅमची ही हकीकत आपल्याला प्रामुख्याने रमाबाईंच्या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘साक्षी’तून मिळते, म्हणजे घटनेनंतर २४ वर्षांनी. ‘साक्ष’ हा एक साहित्यप्रकार आहे. त्याचा साचा ठरलेला असतो : पूर्वीचा अंधार, मग भेट, मग प्रकाश. मनुष्य अशा साच्यात आठवणी बसवतो तेव्हा काही कोपरे घासले जातात. म्हणून ‘साक्षी’शेजारी १८८३ नंतरची पत्रे ठेवून वाचावी लागतात. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध केली. मी पहिल्यांदा ती वाचली तेव्हा परीक्षा आठवड्यावर आली होती आणि नेमलेला प्रश्न भलताच होता. गुण गेले, पुस्तक मात्र राहिले.

त्या पत्रांतली रमाबाई शरण आलेली, गोगलगाय झालेली नवख्रिस्ती नाही. बाप्तिस्म्यानंतर दोनच वर्षांत त्या सिस्टर जेराल्डिनशी कडाक्याने भांडताना दिसतात. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटत नव्हता. तो त्यांनी पटल्याचे सोंग केले नाही. चेल्टनहॅम येथील कन्या महाविद्यालयात त्या असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील बिशपांचे मत घेऊन त्यास विरोध झाला, तेव्हा माझ्या देशातील लोकांना काय रुचते ते मला अधिक कळते, अशा रोखाचे उत्तर त्यांनी दिले. क्रूसावरील मजकूर लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नको, हाही त्यांचा प्रश्न होता. अंडे घातलेले पदार्थ त्या खात नसत. तो जातीचा अहंकार आहे असे भगिनींना वाटे. माझा गर्व हवा तर पुडिंगात शोधा, मी आहार बदलणार नाही, असे त्यांचे म्हणणे.

सर्वांत प्रसिद्ध पत्र १८८५ चे. हिंदुस्थानातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर तसलेच दुसरे जोखड मी मानेवर घेणार नाही, आणि देवाने मला दिलेली सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हवाली करणार नाही, असा त्याचा आशय आहे.

हे बंड आणि ती श्रद्धा यांत विरोध आहे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मला तसे वाटत नाही. देवाने आपल्याला थेट ओळखले आहे असे ज्याला मनापासून वाटते, त्याला मधल्या माणसाच्या शिफारसपत्राची गरज उरत नाही. विहिरीवरच्या बाईलाही कोणी मध्यस्थ नव्हता.

त्याच १८८५ साली पुण्यात ‘पंडितेने धर्म बुडवला’ अशी टीका चालू असताना जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. स्वतः ख्रिस्ती न होता त्यांनी ती घेतली, हे विशेष.

पुढचा प्रवास वेगाने पाहू. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, बोस्टनला साहाय्यक मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्माबाबत तटस्थता राहील, असे ठरले होते.

आणि मग १८९१. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन रमाबाईंच्या हाती आले. हा गृहस्थ पाद्री होऊन बरीच वर्षे झाल्यावर स्वतःच्याच प्रवचनात, व्यासपीठावर उभा असताना, खऱ्या अर्थाने श्रद्धावान झाला! ते वाचून रमाबाईंनी स्वतःकडे पाहिले आणि त्यांना उमगले की, बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षे झाली; आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त नाही. तुलना करून एक मत पसंत केले होते, एवढेच. फुलहॅमला गोष्ट पटली होती. आता त्या गोष्टीत स्वतः उभे राहायचे होते.

इतिहासकारांची येथे पंचाईत होते. धर्मांतराची कारणे लिहा म्हटले की आपण सामाजिक, आर्थिक, राजकीय असे रकाने आखतो. १८८३ च्या बाप्तिस्म्याला ते थोडेफार लागू पडतात : वैधव्य, परदेश, आश्रय. १८९१ ला काय लावणार? तेव्हा त्यांच्याकडे संस्था होती, नाव होते, पैसा होता. श्रद्धा अधिक उघड करण्यात नुकसानच होते.

ते झालेही. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने हल्ला चढवला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले; अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे-भांडारकर हे सनातनी नव्हते, रमाबाईंचे हितचिंतक होते. तटस्थतेचा शब्द देऊन दार उघडे ठेवणे ही तटस्थता नव्हे, हा त्यांचा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. रमाबाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात मी दार लावून प्रार्थना का करावी? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. निमंत्रण कोठे संपते आणि दबाव कोठे सुरू होतो, याची रेघ त्या उंबरठ्यावर होती आणि ती कोणालाच नीट आखता आली नाही.

हाच प्रश्न केडगावला अधिक मोठा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुलींना, बालविधवांना घेऊन आल्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले आणि ते उघडपणे ख्रिस्ती होते. १९०५ मध्ये तेथे धार्मिक जागृतीची लाट आली : शेकडो मुली रडत, ओरडत आपली पापे उघड बोलून दाखवू लागल्या. जिने अन्न दिले तिच्याच धर्माला होकार देणाऱ्या मुलीचा होकार किती मोकळा असतो? हा प्रश्न विचारायलाच हवा. रमाबाईंना स्वतःचा होकार सावकाश, भांडून, आठ वर्षे घेऊन देता आला. त्या मुलींना तेवढी सवड होती का? त्यांतील फारच थोड्यांचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आले आहेत.

त्याच आवारात ‘कृपासदन’ नावाचे एक घर होते. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठीचे. फुलहॅमला जे पाहून त्या चकित झाल्या होत्या, तेच त्यांनी केडगावला उभे केले.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतची ही पंडिता मुद्दाम जड संस्कृत शब्द टाळत होती, कारण वाचणाऱ्या मुली साध्या घरांतल्या होत्या. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तिसदनातील स्त्रियाच करीत. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. छापील ग्रंथ बाहेर पडला तो १९२४ मध्ये.

पुढचा धागा नीळकंठशास्त्री गोऱ्यांवर, जे ख्रिस्ती मताचे खंडन करायला बसले होते आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन उठले. वाँटेजच्या दिवसांत रमाबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार होता, त्याविषयीही तेव्हाच लिहीन.